विश्लेषण : बेकिंग पावडर आजच्या रूपात आली कशी? हाडांच्या राखेतून पाव फुगवणारे एबेन हॉर्सफर्ड कोण होते?

रव्याचा केक असो, बिनअंड्याचा कपकेक असो की घाईत केलेले मफिन, कृतीत एक ओळ ठरलेली असते : एक चमचा बेकिंग पावडर. डब्यातली ही पांढरी भुकटी आपण इतक्या सहज वापरतो, की तिच्यामागे कुणा एका माणसाची अनेक वर्षांची खटपट असेल असे वाटत नाही. ती आहे. एबेन नॉर्टन हॉर्सफर्ड हे त्यांचे नाव. पदवीने सिव्हिल इंजिनीअर, पेशाने हार्वर्डमधील रसायनशास्त्राचे प्राध्यापक, पुढे कारखानदार आणि उतारवयात व्हायकिंग दर्यावर्दींच्या खुणा बोस्टनजवळ शोधत फिरणारे हौशी इतिहासकार. त्यांनी आयुष्यात अनेक दावे केले. त्यातला एक दीडशेहून अधिक वर्षे टिकला, बाकीचे बरेचसे कोसळले. असे का झाले, ते समजून घेऊ.

सोडा उपलब्ध होता, मग अडचण कोणती होती?

पीठ फुगवण्याचा सर्वात जुना मार्ग म्हणजे यीस्ट. हे सूक्ष्मजीव पिठातील साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड वायू सोडतात आणि पीठ वर येते. पण त्याला कित्येक तास लागतात. थंडीत पीठ लवकर फुगत नाही आणि यीस्ट खराब निघाले तर सगळा घाणा वाया जातो.

यावर अमेरिकेतील गृहिणींनी अठराव्या शतकाच्या अखेरीस एक रासायनिक तोडगा काढला होता. लाकडाची राख पाण्यात भिजवायची, ते पाणी आटवायचे आणि उरलेला क्षार भाजून शुद्ध करायचा. या क्षाराला तिथे ‘पर्लॲश’ म्हणत. रसायनशास्त्राच्या भाषेत तो पोटॅशियम कार्बोनेट. १७९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेलिया सिमन्स यांच्या ‘अमेरिकन कुकरी’ या पुस्तकातील पाककृतींत तो आढळतो. अमेरिकेचे पहिले पेटंटही १७९० मध्ये पोटॅश आणि पर्लॲश बनवण्याच्या पद्धतीलाच मिळाले होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पर्लॲशची जागा खाण्याच्या सोड्याने, म्हणजे सोडियम बायकार्बोनेटने घेतली.

पण सोडा एकटा पुरेसा नसतो. त्याला आम्लाची जोड मिळाली, तरच तो पूर्ण वायू सोडतो. नुसता तापवला तर साधारण निम्माच वायू सुटतो आणि मागे सोडियम कार्बोनेट उरते. केकला साबणासारखी चव आणि पिवळट रंग येतो तो यामुळेच. आपल्याकडे ढोकळ्याच्या पिठात सोड्यासोबत ताक किंवा लिंबू असते, त्याचे कारण हेच. आम्ल नेमके मिळाले तर पाच ग्रॅम सोड्यातून नेहमीच्या तापमानाला जवळपास दीड लिटर कार्बन डायऑक्साइड निघू शकतो.

इथे ‘नेमके’ हा शब्द महत्त्वाचा. ताक आज किती आंबट आहे, हे कोण मोजणार? आम्ल कमी पडले तर पदार्थ साबणासारखा लागतो आणि जास्त झाले तर आंबट. त्यामुळे कोरड्या, मोजता येणाऱ्या आम्लाची गरज होती. ती काही प्रमाणात ‘क्रीम ऑफ टार्टर’ भागवत असे. वाइनच्या पिंपांच्या आतल्या बाजूला साचणाऱ्या थरापासून ते मिळते. म्हणजे अमेरिकेतल्या पावासाठी युरोपातल्या द्राक्षमळ्यांवर अवलंबून राहावे लागे. ते महाग होते आणि त्यात भेसळही होत असे.

इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांनी १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली होती. त्यांच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट दोन्ही सोसत नव्हते, म्हणून हा खटाटोप. त्यामुळे बेकिंग पावडरचे पहिलेपण हॉर्सफर्ड यांना देता येत नाही. त्यांनी सोडवलेला प्रश्न वेगळा होता : द्राक्षांवर अवलंबून नसलेले, स्वस्त, कोरडे आणि कारखान्यात बनवता येणारे आम्ल.

हॉर्सफर्ड यांची जडणघडण कशी झाली?

२७ जुलै १८१८ रोजी न्यूयॉर्क राज्यातील मॉस्को नावाच्या छोट्या गावात त्यांचा जन्म झाला. वडील जेरेडाया हे सेनेका या मूळनिवासी जमातीत मिशनरी म्हणून काम करत. पुढे ते अमेरिकी काँग्रेसचे सदस्यही झाले. मूळनिवासींच्या भाषांबद्दलचे कुतूहल एबेन यांच्या मनात लहानपणीच रुजले आणि ते शेवटपर्यंत टिकले.

शिक्षण मात्र थेट कामाचे घेतले. ट्रॉय येथील रेन्सलिअर संस्थेतून १८३८ मध्ये ते सिव्हिल इंजिनीअर झाले. त्यानंतर न्यूयॉर्क राज्याच्या भूगर्भ सर्वेक्षणात काम केले आणि ऑल्बनी येथील मुलींच्या शाळेत गणित व विज्ञान शिकवले. तिथेच त्यांची मेरी गार्डिनर यांच्याशी ओळख झाली. दोघांचा विवाह १८४७ मध्ये झाला. काही वर्षांतच मेरी यांचे निधन झाले. पुढे हॉर्सफर्ड यांनी त्यांची बहीण फीबी यांच्याशी विवाह केला.

१८४४ मध्ये ते जर्मनीतील गिसेन येथे युस्टुस फॉन लीबिग यांच्याकडे शिकायला गेले. त्यांच्या आयुष्याला वळण मिळाले ते इथे.

लीबिग यांच्याकडे ते काय शिकले?

त्या काळी रसायनशास्त्र बहुतांश ठिकाणी व्याख्यानातून शिकवले जाई. प्राध्यापक टेबलावर प्रयोग करून दाखवत आणि विद्यार्थी पाहत. लीबिग यांनी हा क्रम मोडला. त्यांच्या प्रयोगशाळेत विद्यार्थी स्वतः तराजू, भट्टी आणि काचेची उपकरणे हाताळत. पिकांना कोणती खनिजे लागतात, धान्यात कोणती द्रव्ये असतात, माणसाच्या शरीरात अन्नाचे काय होते, हे लीबिग यांचे आवडीचे विषय. हॉर्सफर्ड यांनी तिथे धान्यांच्या पोषणमूल्याचे विश्लेषण केले.

गव्हाच्या बाहेरच्या थरात फॉस्फेटे असतात आणि पांढऱ्या मैद्यासाठी कोंडा काढला की तीही निघून जातात, हा मुद्दा त्यांच्या मनात पक्का बसला. पुढे आम्ल शोधताना त्यांची नजर फॉस्फेटकडे वळली, त्यामागे हे शिक्षण होते.

१८४७ मध्ये ते हार्वर्डमध्ये ‘रम्फर्ड प्राध्यापक’ झाले. विज्ञानाचा उपयोग रोजच्या जगण्यातील सोयींसाठी व्हावा, या हेतूने काउंट रम्फर्ड यांच्या देणगीतून हे पद निर्माण झाले होते. तिथल्या नव्या लॉरेन्स सायंटिफिक स्कूलमध्ये हॉर्सफर्ड यांनी गिसेनच्या धर्तीवर प्रयोगशाळा उभी केली. विद्यार्थ्यांनी स्वतः विश्लेषण करून शिकण्याची सोय अमेरिकेत तेव्हा विरळाच होती.

हाडांपासून बेकिंग पावडर कशी तयार झाली?

प्राण्यांच्या हाडांत कॅल्शियम फॉस्फेट भरपूर असते. हाडे भाजली की सेंद्रिय भाग जळून जातो आणि पांढरी राख उरते. या राखेवर सल्फ्युरिक ॲसिडची प्रक्रिया केली की कॅल्शियमचा काही भाग कॅल्शियम सल्फेटच्या रूपात वेगळा होतो आणि मोनोकॅल्शियम फॉस्फेट तयार होते. हे आम्लधर्मी असते. ते कोरडे करून दळले की मोजून वापरता येणारी भुकटी मिळते. पाणी लागताच ते सोड्याशी अभिक्रिया करून वायू सोडते.

ही प्रक्रिया कागदावर सोपी वाटते. अडचण होती ती चिकट, ओलावा धरणाऱ्या पदार्थाला कोरड्या, एकसारख्या भुकटीचे रूप देण्यात. हे साधल्यावर एप्रिल १८५६ मध्ये हॉर्सफर्ड यांना पेटंट मिळाले.

त्याआधीच, १८५४ मध्ये त्यांनी ऱ्होड आयलंडमधील प्रॉव्हिडन्स येथे जॉर्ज विल्सन यांच्या भागीदारीत व्यवसाय सुरू केला होता. पुढे या कंपनीला हॉर्सफर्ड यांच्या हार्वर्डमधील पदावरून ‘रम्फर्ड केमिकल वर्क्स’ हे नाव मिळाले. कारखाना जिथे वाढला त्या ईस्ट प्रॉव्हिडन्समधील वस्तीलाही रम्फर्ड हेच नाव पडले. १८६१ मध्ये हॉर्सफर्ड यांनी पाव बनवण्याच्या शास्त्रावर पुस्तक लिहिले आणि १८६३ मध्ये प्राध्यापकी सोडून ते पूर्णपणे उद्योगाकडे वळले.

आम्ल आणि सोडा एकाच डब्यात कसे राहू लागले?

सुरुवातीला आम्लाची भुकटी आणि सोडा वेगवेगळ्या पुड्यांत विकले जात. कारण हवेतील दमटपणा लागला तरी दोघांची अभिक्रिया डब्यातच सुरू होते आणि पीठ भिजवण्याआधीच वायू निघून जातो. पण पुड्या वेगळ्या म्हणजे प्रमाण पुन्हा स्वयंपाक करणाऱ्याच्या हाती. जो प्रश्न सोडवायचा होता, तोच मागच्या दाराने परत आला.

१८६९ मध्ये यावर उत्तर सापडले : मक्याचे स्टार्च, म्हणजे आपले कॉर्नफ्लोअर. स्टार्च ओलावा शोषून घेते आणि आम्लाचे व सोड्याचे कण एकमेकांपासून दूर ठेवते. आता सगळे एका डब्यात, कारखान्यात ठरवलेल्या प्रमाणात आले. शंभर भाग मोनोकॅल्शियम फॉस्फेट साधारण ऐंशी भाग सोडा पूर्ण वापरू शकते. हे गणित कारखान्यात एकदा करायचे, घरी फक्त चमचा मोजायचा.

लीबिग यांनी आपल्या या विद्यार्थ्याच्या पावडरचा जर्मनीत पुरस्कार केला. तिथे ती मोठ्या प्रमाणावर घराघरांत पोहोचली ती मात्र नंतर, १८९० च्या दशकात, बीलेफेल्डचे औषधविक्रेते ऑगस्ट ओटकर यांच्या छोट्या पुड्यांमधून.

पावडर पौष्टिक असल्याचा दावा खरा होता का?

इथून हॉर्सफर्ड यांची दुसरी बाजू दिसू लागते. आपल्या पावडरमुळे कोंड्याबरोबर गेलेली फॉस्फेटे पावात परत येतात, त्यामुळे हा पाव अधिक पौष्टिक असतो, असे ते सांगत. यात तथ्याचा अंश होता. मोनोकॅल्शियम फॉस्फेटमधून कॅल्शियम आणि फॉस्फरस मिळतात. पण कोंड्यात तंतुमय पदार्थ, जीवनसत्त्वे आणि लोहही असते, ते या भुकटीतून येत नाही. जीवनसत्त्वांचा शोध तर तेव्हा लागायचा होता.

त्याहून पुढचे पाऊल म्हणजे ‘हॉर्सफर्ड्स ॲसिड फॉस्फेट’ हे पाण्यात घालून पिण्याचे औषधी द्रव्य. अपचन, थकवा, डोकेदुखी, मानसिक शीण अशा अनेक तक्रारींवर ते गुणकारी असल्याच्या जाहिराती होत. सोडा फाउंटनच्या दुकानांत ते आंबट पेय म्हणून चालले खरे, पण औषध म्हणून केलेल्या दाव्यांना पुराव्याचा आधार नव्हता.

सैनिकांच्या शिध्याचे काय झाले?

अमेरिकी यादवी युद्धात १८६४ मध्ये हॉर्सफर्ड यांनी लष्करासाठी सुटसुटीत शिध्याची योजना मांडली. पाठीवर ओझे घेऊन चालणाऱ्या सैनिकाला हलके, टिकाऊ अन्न हवे, हा विचार योग्यच होता. भाजलेला गहू आणि शिजवून दाबलेले मांस अशी त्याची कल्पना. किती वजनात किती पोषण बसते आणि वाहतुकीचा किती खर्च वाचतो, याचा हिशेब त्यांनी मांडला आणि लष्कराने तो मान्यही केला. प्रत्यक्षात ही योजना फसली. पोषणाचा हिशेब कागदावर जुळत होता, पण मोठ्या प्रमाणावर तयार केलेले, साठवलेले आणि दूरवर नेलेले अन्न सैनिकाला खावेसे वाटेल का, याची परीक्षा त्या हिशेबात नव्हती.

स्वयंपाकघरात याच्या नेमके उलट घडत होते. बेकिंग पावडरची परीक्षा रोज, हजारो घरांत होत होती. पाव फुगला नाही तर गृहिणी दुसऱ्या दिवशी डबा बदलणार. पुड्यांतून एका डब्यापर्यंतचा प्रवास याच दबावातून झाला.

व्हायकिंगांचे वेड कुठून आले?

उद्योगातून पैसा आणि फुरसत मिळाल्यावर हॉर्सफर्ड यांनी वेगळाच ध्यास घेतला. कोलंबसाच्या सुमारे पाचशे वर्षे आधी लीफ एरिक्सन हा नॉर्स दर्यावर्दी उत्तर अमेरिकेत पोहोचला होता, असे आइसलँडच्या जुन्या गाथांत म्हटले आहे. नॉर्वेचे व्हायोलिनवादक ओले बुल यांच्याशी मैत्री झाल्यावर हॉर्सफर्ड यांनी हा विषय मनावर घेतला. बोस्टनमध्ये लीफ एरिक्सनचा पुतळा १८८७ मध्ये उभा राहिला, त्यात त्यांचा पुढाकार होता.

इथवर ठीक होते. पण हॉर्सफर्ड यांनी पुढे जाहीर केले, की लीफचे घर केंब्रिजमध्ये चार्ल्स नदीच्या काठी होते, म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घरापासून फार लांब नाही. जुन्या नकाशांवर दिसणारे ‘नोरुम्बेगा’ हे नगर म्हणजे नॉर्स वसाहतच, असेही त्यांचे मत झाले. स्थानिक मूळनिवासी नावांत त्यांना नॉर्स शब्द ऐकू येऊ लागले. जमिनीतले दगडी बांध आणि चर त्यांना व्हायकिंगांनी बांधलेले वाटू लागले. १८८९ मध्ये वेस्टन येथे त्यांनी ‘नोरुम्बेगा टॉवर’ हा दगडी मनोराच बांधला. तो आजही उभा आहे.

त्या काळच्या अभ्यासकांनी या दाव्यांना पुरावा नसल्याचे स्पष्ट सांगितले. हार्वर्डचे ग्रंथपाल आणि इतिहासकार जस्टिन विन्सर हे त्यातले एक. हॉर्सफर्ड बधले नाहीत. आक्षेप आला की ते नवे पुस्तक आणि नवा नकाशा छापत. खर्च स्वतःचाच असल्याने त्यांना अडवणारे कुणी नव्हते.

यातली विसंगती अशी, की मूळ प्रश्नात ते चुकले नव्हते. १९६० मध्ये नॉर्वेचे हेल्गे आणि ॲन स्टिने इंगस्टाड या दाम्पत्याला कॅनडातील न्यूफाउंडलंड बेटावर, लान्स ओ मेडोज येथे खरीखुरी नॉर्स वस्ती सापडली. २०२१ मध्ये तिथल्या लाकडातील वार्षिक वलयांच्या अभ्यासातून तिथे इ.स. १०२१ मध्ये झाडे तोडली गेल्याचे सिद्ध झाले. म्हणजे नॉर्स लोक कोलंबसाआधी अमेरिकेत आले होते, हे खरेच. फक्त ती जागा हॉर्सफर्ड यांच्या मनोऱ्यापासून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर होती.

कमावलेल्या पैशाचे त्यांनी काय केले?

वेड्या ध्यासावर उधळपट्टी करणारा श्रीमंत, एवढेच चित्र रंगवणे अन्यायाचे ठरेल. मुलींच्या उच्च शिक्षणाला समाजाचा पाठिंबा जेमतेम असताना हॉर्सफर्ड यांनी मॅसॅच्युसेट्समधील वेलस्ली या महिला महाविद्यालयाला सातत्याने मदत केली. ग्रंथालय आणि वैज्ञानिक उपकरणांसाठी निधी दिला. प्राध्यापिकांना काही वर्षांच्या अध्यापनानंतर अभ्यासासाठी पगारी रजा मिळावी, याचीही तरतूद केली. मूळनिवासींच्या भाषेचा एक जुना हस्तलिखित शब्दकोश त्यांनी १८८७ मध्ये छापून घेतला. १ जानेवारी १८९३ रोजी केंब्रिज येथे त्यांचे निधन झाले.

आजच्या डब्यात हॉर्सफर्ड कुठे आहेत?

घरातल्या बेकिंग पावडरच्या डब्यावरील घटकांची यादी वाचा. ‘आयएनएस ५००(२)’ म्हणजे खाण्याचा सोडा. ‘आयएनएस ३४१(१)’ दिसले, तर ते मोनोकॅल्शियम फॉस्फेट, म्हणजेच हॉर्सफर्ड यांचे आम्ल. सोबत स्टार्चही असेल. शाकाहारी वाचकांच्या मनात हाडांचा उल्लेख वाचून शंका आली असेल. हाडांचा वापर ही एकोणिसाव्या शतकातील गोष्ट. पुढे फॉस्फेट खाणीतल्या दगडांपासून मिळू लागले आणि आज तेच वापरले जाते. खात्रीसाठी पाकिटावरचे हिरवे चिन्ह पाहावे.

अनेक डब्यांवर ‘डबल ॲक्शन’ असे लिहिलेले असते. मोनोकॅल्शियम फॉस्फेट पीठ भिजवतानाच बराचसा वायू सोडते. म्हणून दुसरे, उष्णता लागल्यावर काम करणारे आम्लही त्यात घालतात. त्यामुळे पहिला वायू मिश्रण करताना आणि दुसरा ओव्हनमध्ये सुटतो. मिश्रण थोडा वेळ थांबले तरी केक बसत नाही.

घरी वापरताना तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. कृतीत दही, ताक किंवा लिंबू असेल तर सोडा चालतो. आंबट काहीच नसेल तर बेकिंग पावडर हवी. पावडर जिवंत आहे का हे पाहायचे असेल, तर चमचाभर पावडर गरम पाण्यात टाकावी. लगेच जोरात फेस आला नाही, तर डबा बदलावा. पावसाळ्यात ओला चमचा डब्यात घालू नये. तिसरी गोष्ट पापडखाराची. तोही क्षारच, पण त्यात आम्ल नसते. त्यामुळे केकमध्ये बेकिंग पावडरऐवजी पापडखार घातला तर चव बिघडणार हे नक्की.

हॉर्सफर्ड यांच्या आयुष्यातून काय दिसते?

पाव, शिधा, औषधी पेय आणि व्हायकिंग वस्ती या चारही ठिकाणी माणूस एकच होता. तीच बुद्धी, तीच चिकाटी आणि स्वतःच्या कल्पनेवर तोच गाढ विश्वास. फरक होता तो समोरून येणाऱ्या उत्तराचा. पाव फुगतो किंवा फुगत नाही, तिथे प्राध्यापकपद कामी येत नाही. शिध्याचा निकाल उशिरा लागला, पण लागला. पेयाच्या बाबतीत जाहिरातीने निकालाला बगल दिली. इतिहासाच्या बाबतीत तर त्यांनी निकाल ऐकायचेच नाकारले.

केंब्रिजमध्ये लीफचे घर इथे होते असे सांगणारी दगडी पाटी अजूनही आहे. येणारेजाणारे ती कुतूहलाने वाचतात, खरी मात्र मानत नाहीत. हॉर्सफर्ड यांचे खरे स्मारक मात्र कपाटातल्या त्या डब्यात आहे, आणि त्यावर त्यांचे नाव नाही.